पाळीव प्राण्यांची पुनर्वसन चिकित्सा

पाळीव प्राण्यांची पुनर्वसन चिकित्सा ही पशुवैद्यकशास्त्राची एक शाखा आहे. इजा, शस्त्रक्रिया, मज्जासंस्थेचे विकार, सांध्यांची झीज किंवा वार्धक्य यांमुळे ज्या प्राण्यांची हालचाल मंदावली वा थांबली आहे, त्यांची हालचाल शक्य तितकी पूर्ववत करणे, वेदना कमी करणे आणि उरलेल्या क्षमतेत त्यांना सुसह्य जीवन जगता येईल असे पाहणे, ही या चिकित्सेची उद्दिष्टे होत. तीत सांध्यांच्या हालचाली, मालिश, व्यायाम, जलोपचार, उष्ण व थंड शेक, विद्युत् उद्दीपन, लेसर उपचार आणि आधारसाधने यांचा उपयोग केला जातो. ही चिकित्सा औषधोपचार वा शस्त्रक्रिया यांची जागा घेत नाही; बहुधा ती त्यांच्या जोडीने दिली जाते. तिचा सर्वाधिक वापर कुत्र्यांसाठी आणि त्याखालोखाल मांजरांसाठी होतो. घोड्यांसाठीची उपचारपरंपरा अधिक जुनी व बरीचशी स्वतंत्र आहे.

मागील पाय लुळे पडलेला प्राणी पुन्हा चालणार नाही, असे गृहीत धरून त्याला सोडून देण्याचा किंवा दयामरण देण्याचा निर्णय पुष्कळदा घाईने घेतला जातो. परंतु लुळेपणाची कारणे अनेक असतात व प्रत्येकातील सुधारणेची शक्यता वेगळी असते. त्यामुळे अचूक निदान हा पुनर्वसनाचा पहिला टप्पा मानला जातो.

संज्ञा

मानवी वैद्यकातील फिजिओथेरपीला मराठीत ‘भौतिकोपचार’ असा पर्याय रूढ आहे. प्राण्यांच्या संदर्भात ‘पशु भौतिकोपचार’ आणि ‘पशु पुनर्वसन’ या दोन्ही संज्ञा वापरल्या जातात. काही देशांत ‘फिजिकल थेरपी’ वा ‘फिजिओथेरपिस्ट’ या संज्ञा मानवी भौतिकोपचारतज्ज्ञांसाठी कायद्याने राखीव आहेत. त्यामुळे पशुवैद्यकात ‘पुनर्वसन’ हा शब्द अधिक प्रचलित झाला. पुनर्वसनाची व्याप्तीही भौतिकोपचारांपेक्षा मोठी आहे. वेदनाशमन, वजन नियंत्रण, मूत्राशयाची निगा आणि घरातील वातावरणात करावयाचे बदल यांचाही त्यात समावेश होतो.

इतिहास

मानवी भौतिकोपचारांचा विस्तार पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांवरील उपचार आणि पोलिओच्या साथी यांमुळे झाला. प्राण्यांच्या बाबतीत शर्यतीच्या घोड्यांना मालिश, शेक व नियंत्रित व्यायाम देण्याची प्रथा पूर्वीपासून होती. लहान पाळीव प्राण्यांवर मात्र शस्त्रक्रियेनंतर ‘विश्रांती’ एवढाच उपचार दीर्घकाळ सुचवला जाई.

या विषयावरील आरंभीच्या ग्रंथांपैकी अ‍ॅन डाउनर यांचा प्राण्यांच्या भौतिकोपचारांवरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये प्राण्यांवर उपचार करणाऱ्या सनदी भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना उभी राहिली. पशुवैद्यकीय पुनर्वसनावरील पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद १९९९ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील कॉर्व्हालिस येथे भरला. डॅरिल मिलिस, डेव्हिड लेव्हिन आणि रॉबर्ट टेलर यांनी संपादित केलेला श्वान पुनर्वसनावरील पाठ्यग्रंथ २००४ मध्ये प्रकाशित झाला. २०१० मध्ये अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने पशुवैद्यकीय क्रीडावैद्यक व पुनर्वसन या विषयाला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली.

या वाढीमागे काही कारणे होती. गुडघा व मणक्यावरील शस्त्रक्रिया प्रगत झाल्या, तशी त्यानंतरच्या निगेची गरज ठळक झाली. लसीकरण व आहार सुधारल्याने पाळीव प्राण्यांचे आयुर्मान वाढले आणि वार्धक्यातील सांधेदुखी अधिक प्रमाणात दिसू लागली. कुत्रा-मांजर हे घरातील सदस्य मानले जाऊ लागल्याने दीर्घ उपचारांची तयारीही वाढली.

शास्त्रीय आधार

निश्चलतेचे परिणाम

इजेनंतरची विश्रांती आवश्यक असली, तरी दीर्घ निश्चलतेमुळे शरीराची स्वतंत्र हानी होते. न वापरलेल्या अवयवातील स्नायू काही आठवड्यांतच लक्षणीय प्रमाणात क्षीण होतात आणि गमावलेले स्नायुबल परत मिळवण्यास त्याहून बराच अधिक काळ लागतो. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडून तो सुटण्याच्या क्रियेत संधिद्रव कूर्चेत आत-बाहेर होतो व त्यातून तिचे पोषण होते. हालचाल थांबली की हे पोषण घटते, सांध्याचे आवरण आखडते आणि हाडांची घनताही कमी होते.

याचे एक गंभीर उदाहरण म्हणजे मांडीच्या पुढील स्नायूंचे आखडणे. वाढत्या वयाच्या पिल्लाच्या मांडीचे हाड मोडल्यावर पाय दीर्घकाळ ताठ बांधून ठेवला, तर हे स्नायू हाडाला चिकटतात व गुडघा वाकेनासा होतो. ही अवस्था पूर्ण रुजल्यावर उपचार फारसे यशस्वी होत नाहीत. हाड स्थिर केल्यावर लवकर सुरू केलेल्या हलक्या हालचालींनी ती बव्हंशी टाळता येते.

भाराचे वितरण

उभ्या कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढील पायांवर व ४० टक्के मागील पायांवर असतो. एक पाय दुखू लागला की कुत्रा उरलेल्या तीन पायांवर भार वळवतो. त्यामुळे मागील पायाच्या जुन्या दुखण्यात खांदे, कोपरे व पाठ यांवरही ताण येतो. उपचारांची आखणी करताना एका सांध्यापुरता विचार न करता संपूर्ण शरीराची तपासणी केली जाते ती यासाठीच.

ऊती भरून येण्याचा काळ

त्वचेची जखम साधारणतः १० ते १४ दिवसांत भरते, हाड सांधण्यास ६ ते १२ आठवडे लागतात, तर अस्थिबंध व कंडरा यांना अनेक महिने लागू शकतात. त्या त्या टप्प्यावर ऊतीला झेपेल इतकाच भार देणे आणि तो क्रमाने वाढवणे, हे पुनर्वसनाचे मूलतत्त्व आहे. भार फार लवकर दिल्यास दुरुस्त केलेला भाग पुन्हा निकामी होतो. फार उशिरा दिल्यास निश्चलतेची हानी पदरी पडते.

तपासणी व मूल्यमापन

उपचारापूर्वी प्राण्याचा पूर्वेतिहास, चाल, स्नायूंचे आकारमान, सांध्यांची हालचाल आणि मज्जासंस्थेच्या प्रतिक्रिया नोंदवल्या जातात. गोनिओमीटर नावाच्या कोनमापकाने सांधा किती वाकतो व किती सरळ होतो हे मोजतात. निरोगी लॅब्राडोर कुत्र्याचा गुडघा सुमारे ४२ अंशांपर्यंत वाकतो व १६२ अंशांपर्यंत सरळ होतो. मांडीचा घेर मोजपट्टीने मोजून दोन्ही पायांतील फरक नोंदवतात. प्रत्येक पायावर येणारा भार मोजणारे दाबपट्टही मोठ्या केंद्रांत वापरले जातात.

पावलाची जाण तपासण्यासाठी प्राण्याला आधार देऊन पंजा उलटा, म्हणजे वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवला जातो. निरोगी प्राणी तो तत्काळ सरळ करतो. मज्जारज्जूला बाधा झाली असल्यास पंजा तसाच उलटा राहतो किंवा उशिरा सरळ होतो.

लुळ्या पडलेल्या प्राण्यात सर्वांत निर्णायक तपासणी खोल वेदनेच्या जाणिवेची असते. चिमट्याने पायाच्या बोटाच्या हाडावर दाब दिल्यावर प्राण्याने मान वळवली, ओरडला किंवा चावण्याचा प्रयत्न केला, तरच जाणीव शाबूत आहे असे मानतात. पाय नुसता आखडून घेणे ही मज्जारज्जूच्या पातळीवरील प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. मेंदूपर्यंत संवेदना पोहोचल्याचा तो पुरावा नव्हे. हा भेद न ओळखल्यास बरे होण्याबाबतचा अंदाज चुकतो.

उपचारपद्धती

सांध्यांच्या हालचाली व मालिश

प्राणी स्वतः पाय हलवू शकत नसेल, तर उपचारक प्रत्येक सांधा वेदना न होता जितका वाकेल तितका हळुवारपणे वाकवून सरळ करतो. साधारणतः प्रत्येक सांध्याच्या १० ते १५ हालचाली दिवसातून दोन-तीन वेळा केल्या जातात. याने सांध्यांचा आखडलेपणा टळतो. स्नायूंची ताकद मात्र वाढत नाही, कारण त्यासाठी प्राण्याने स्वतः स्नायू आकुंचित करणे आवश्यक असते. मालिशीने स्नायूंतील ताठरपणा व सूज कमी होण्यास मदत होते आणि भेदरलेला प्राणी स्पर्शाला सरावतो.

थंड व उष्ण शेक

इजा वा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सुमारे तीन दिवसांत, सूज व वेदना कमी करण्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे ठेवला जातो. ताजी सूज ओसरल्यानंतर, विशेषतः जुनाट सांधेदुखीत, व्यायामापूर्वी उष्ण शेक देतात. ज्या भागाची संवेदना गेली आहे, तेथे प्राण्याला चटका बसल्याचे कळत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी शेक टाळतात किंवा सतत हात ठेवून तपासत राहतात.

उपचारात्मक व्यायाम

हा पुनर्वसनाचा गाभा मानला जातो. पट्ट्याच्या आधाराने उभे करणे, उभ्या स्थितीत हलकेच डोलवून तोल सावरायला लावणे, बसून उठणे, चढणीवर सावकाश चालणे, जमिनीपासून थोड्या उंचीवर मांडलेल्या दांड्या ओलांडणे, डुगडुगत्या फळीवर वा फुगवलेल्या चेंडूवर तोल सांभाळणे, असे व्यायाम क्रमाने दिले जातात. सावकाश चालण्याला विशेष महत्त्व आहे. वेगात कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर धावू शकतो. संथ चालीत मात्र त्याला चारही पाय टेकावे लागतात.

जलोपचार

पाण्याच्या उत्प्लावक बलामुळे सांध्यांवरील भार कमी होतो, तर पाण्याच्या रोधामुळे स्नायूंना काम करावे लागते. पाण्याखालील ट्रेडमिल हे यासाठीचे प्रमुख उपकरण आहे. काचेच्या टाकीत फिरत्या पट्ट्यावर कुत्रा चालतो आणि पाण्याची पातळी गरजेनुसार बदलता येते. कुत्र्यांवरील मोजमापांनुसार पाणी मागील पायाच्या घोट्यापर्यंत असता पायांवर मूळ भाराच्या सुमारे ९१ टक्के, गुडघ्यापर्यंत असता ८५ टक्के आणि खुब्यापर्यंत असता ३८ टक्के भार येतो. त्यामुळे जमिनीवर उभा राहू न शकणारा कुत्राही पाण्यात पावले टाकू शकतो.

पोहण्यात सांध्यांवर जवळजवळ भार येत नाही, परंतु हालचालीवरील नियंत्रणही कमी असते. घाबरलेला कुत्रा केवळ पुढचे पाय जोरात मारतो व मागचे पाय तसेच ओढतो. उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, जुलाब किंवा हृदय-श्वसनाचा अनियंत्रित विकार असल्यास जलोपचार टाळतात.

विद्युत् उद्दीपन, लेसर व अन्य साधने

त्वचेवर लावलेल्या पट्ट्यांतून सौम्य विद्युत्प्रवाह देऊन दुर्बळ स्नायूंचे आकुंचन घडवता येते. वेगळ्या वारंवारितेचा प्रवाह वेदनाशमनासाठी वापरतात. उपचारात्मक लेसरमध्ये लाल वा अवरक्त प्रकाश ऊतींवर टाकला जातो. या वेळी प्राणी व उपस्थित व्यक्ती यांच्या डोळ्यांना संरक्षण देणे बंधनकारक असते. कर्करोगाची गाठ असलेल्या भागावर लेसर वा विद्युत् उद्दीपन देत नाहीत. जुनाट सांधेदुखी व कंडरांच्या विकारांत आघातलहरींचाही वापर होतो.

आधारसाधने

पोटाखालून वा कमरेभोवती धरावयाचे पट्टे, पंजा उलटा पडू नये म्हणून घालावयाचे बूट, सांध्याला स्थिर ठेवणारी बंधने आणि चाकगाडी ही प्रमुख साधने होत. चाकगाडी प्राण्याच्या मापाची असावी लागते; चुकीच्या मापाने पाठीवर ताण पडतो व मांड्यांच्या आतील त्वचा सोलवटते. ती दिवसभर बांधून ठेवण्याचे साधन नसून, देखरेखीखाली थोडा वेळ फिरण्यासाठी असते, कारण तीत प्राण्याला आडवे होऊन विसावता येत नाही.

प्रमुख विकार व त्यांतील उपयोग

मणक्याच्या चकतीचा विकार

डॅशहुंड, पेकिनीज, शिह त्झू, बीगल, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या जातींत मणक्यांमधील चकत्या लहान वयातच कडक होतात. अशी चकती फुटून तिचा गर मज्जारज्जूवर दाबला गेल्यास पाठदुखीपासून संपूर्ण लुळेपणापर्यंत लक्षणे दिसतात. या प्रवृत्तीशी निगडित असलेला एक जनुकीय बदल २०१७ मध्ये ओळखला गेला; आखूड पाय ज्यामुळे येतात त्या जनुकाशीच तो संबंधित आहे.

खोल वेदनेची जाणीव शाबूत असता शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पुन्हा चालू लागतात. ही जाणीव गेलेली असल्यास वेळेवर शस्त्रक्रिया होऊनही सुमारे ५० ते ६० टक्केच चालतात आणि त्यांपैकी काहींना मूत्रविसर्जनावर पूर्ण नियंत्रण येत नाही. सौम्य लक्षणे असल्यास शस्त्रक्रियेविना, किमान चार आठवडे पिंजऱ्यात वा छोट्या कुंपणात ठेवून उपचार करतात. या काळात वेदनाशामकांनी बरे वाटू लागलेला कुत्रा उड्या मारू लागतो आणि पालकही बंधन सैल करतात. त्यातून चकतीचा उर्वरित भाग बाहेर येऊन स्थिती बिघडू शकते.

खोल जाणीव परत न आलेले काही कुत्रे अनेक महिन्यांच्या सरावानंतर डगमगती पावले टाकू लागतात. मज्जारज्जूच्या खालच्या भागातील चेतापेशींचे जाळे मेंदूच्या आज्ञेविनाही पावलांची लय निर्माण करू शकते, हे त्याचे कारण होय.

गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे

कुत्र्यांच्या मागील पायाच्या लंगडण्याचे हे अतिशय सामान्य कारण आहे. बहुतांश कुत्र्यांत तो एका आघाताने न तुटता क्रमाक्रमाने झिजत जातो, म्हणून कालांतराने दुसऱ्या पायातही हाच विकार उद्भवण्याचा धोका मोठा असतो. नडगीच्या वरच्या पृष्ठाचा उतार बदलणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर हाड सांधेपर्यंत साधारण ८ ते १२ आठवडे धावणे, उडी मारणे व जिने चढणे बंद ठेवून केवळ पट्टा लावून चालवणे आणि हलके व्यायाम दिले जातात.

खुब्याचा सदोष विकास व संधिवात

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींत खुब्याचा सांधा सैल राहून पुढे संधिवात जडतो. यात वजन नियंत्रणाइतका परिणामकारक उपाय क्वचितच दुसरा आढळतो. ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदार कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी आहार मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर अधिक आहार मिळालेल्यांचे ११.२ वर्षे आढळले. कमी आहार मिळालेल्यांत संधिवाताची लक्षणेही उशिरा दिसली. वजन घटवणे, रोजचे थोडे पण नियमित चालणे, वेदनाशामके व जलोपचार यांची सांगड येथे घातली जाते. आठवडाभर घरी बसवून सुटीच्या दिवशी लांब फिरवणे सांध्यांना मानवत नाही.

मज्जारज्जूचा अपक्षय

हा प्रामुख्याने प्रौढ जर्मन शेफर्ड व अन्य काही जातींत दिसणारा, वेदनारहित, वाढत जाणारा विकार आहे. त्यावर रोग थांबवणारे औषध नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२ कुत्र्यांच्या एका अभ्यासात भरपूर भौतिकोपचार मिळालेले कुत्रे सरासरी २५५ दिवस, मध्यम प्रमाणात मिळालेले १३० दिवस, तर उपचार न मिळालेले ५५ दिवस जगले. हे गट यादृच्छिक पद्धतीने पाडलेले नव्हते. अधिक उपचार करणारे पालक दयामरणाचा निर्णयही उशिरा घेत असण्याची शक्यता असल्याने हे आकडे सावधपणे वाचावे लागतात.

अपघात व संसर्गोत्तर दुर्बलता

वाहनाची धडक बसलेल्या प्राण्यांत कंबरेचे व मांडीचे हाड मोडणे, मणका सरकणे आणि पुढील पायाच्या चेतातंतूंची इजा आढळते. डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगातून वाचलेल्या कुत्र्यांत पायांची दुर्बलता व स्नायूंचे सततचे झटके मागे राहू शकतात. दुर्बलतेत व्यायामाने सुधारणा होऊ शकते. झटके मात्र बहुधा कायम राहतात.

मांजरांचे पुनर्वसन

मांजरे वेदना लपवतात. १२ वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांच्या एका पाहणीत ९० टक्के मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या. मात्र लंगडणारी मांजरे फार थोडी असतात. उंच जागी उडी मारणे सोडणे, अंग चाटून साफ करणे कमी होणे, मलमूत्राच्या पेटीबाहेर विधी करणे, ही त्यांच्या सांधेदुखीची लक्षणे होत.

मांजरांना आज्ञा देऊन व्यायाम करवणे कठीण असते. म्हणून खेळणे वा खाऊ दाखवून त्यांना ताणायला, वळायला व दोन पायांवर उठायला लावतात. सत्रे काही मिनिटांचीच ठेवतात आणि मांजराने शेपूट आपटणे वा कान मागे घेणे सुरू करताच थांबवतात. घरात पायऱ्यापायऱ्यांची रचना आणि कमी उंचीच्या काठाची पेटी ठेवणे हाही उपचाराचाच भाग असतो.

घरातील निगा

केंद्रातील सत्र आठवड्यातून एक-दोन वेळा होते. उरलेला सर्व काळ प्राणी घरी असतो. त्यामुळे परिणाम मोठ्या प्रमाणावर घरातील निगेवर अवलंबून राहतो.

भारतीय घरांतील गुळगुळीत फरशी ही दुर्बळ पायांच्या प्राण्यासाठी मोठी अडचण असते. पाय फाकून घसरल्याने नवी इजा होते आणि प्राणी चालण्याचे टाळू लागतो. वावरण्याच्या मार्गावर रबरी वा ज्यूटच्या चटया अंथरणे आणि पंजातळीचे केस व नखे कापणे हे त्यावरचे सोपे उपाय आहेत. व्यायामातील दांड्यांसाठी झाडूचे दांडे व विटा, आणि कमरेच्या आधारासाठी रुंद टॉवेल पुरेसा होतो.

लुळ्या प्राण्याची कूस दर काही तासांनी बदलावी लागते, अन्यथा हाडे उठावदार असलेल्या जागी दाबव्रण होतात. अंथरूण जाड व कोरडे ठेवतात. मूत्राशय आपोआप रिकामे होत नसल्यास पशुवैद्यकाकडून शिकून घेऊन दिवसातून तीन-चार वेळा पोटावर हळुवार दाब देत ते रिकामे करावे लागते. मूत्र ठिबकताना दिसले तरी मूत्राशय भरलेलेच असू शकते. ते तुंबून राहिल्यास संसर्ग होतो व तो जिवावर बेतू शकतो. संवेदना नसलेला पाय जमिनीवर घासून जखमी होतो, तसेच काही प्राणी तो स्वतःच चावतात. म्हणून पायांची रोज पाहणी आवश्यक ठरते.

धोके व खबरदारी

निदानाविना मालिश वा व्यायाम देणे धोक्याचे असते. अस्थिर मणका, न सांधलेले हाड किंवा हाडाचा कर्करोग असलेल्या प्राण्याला यातून गंभीर इजा होऊ शकते. अपघातग्रस्त प्राण्याला उचलताना पाठ वाकू न देता फळीवर वा ताणून धरलेल्या चादरीवर नेतात. माणसांसाठीची वेदनाशामके पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना देत नाहीत. पॅरासिटामॉल मांजरांसाठी प्राणघातक ठरते.

रेबीज आढळणाऱ्या प्रदेशांत आणखी एक खबरदारी महत्त्वाची असते. रेबीजचा एक प्रकार पिसाळलेपणाविना केवळ लुळेपणाच्या रूपाने प्रकट होतो. लसीकरणाची माहिती नसलेल्या प्राण्याचे पाय अचानक लुळे पडले, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली किंवा आवाज बदलला, तर पशुवैद्यकाने रेबीजची शक्यता विचारात घेईपर्यंत त्याच्या तोंडाजवळ हाताळणी टाळतात. अशा प्राण्याची लाळ जखमेस लागल्यास वा त्याने चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रेबीज प्रतिबंधक उपचार घेणे आवश्यक असते. प्राण्यांवर नियमित उपचार करणाऱ्यांनी ही लस आधीच घेतलेली असावी, असा संकेत आहे.

परिणामकारकता व वाद

या क्षेत्रातील पुराव्याचा दर्जा असमान आहे. वजन नियंत्रणाच्या लाभाला बळकट आधार आहे. लेसर उपचारांबाबत निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर लेसर दिलेले कुत्रे लवकर चालू लागल्याचे २०१२ मधील एका अभ्यासात नोंदवले गेले. २०१७ मधील दुसऱ्या अभ्यासात मात्र असा फरक आढळला नाही. चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर साधे व सघन असे दोन पुनर्वसन कार्यक्रम यादृच्छिक पद्धतीने देऊन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मज्जारज्जूची इजा अपूर्ण असलेल्या कुत्र्यांत सघन कार्यक्रमाने सुधारणा अधिक वेगाने झाली नाही. साध्या कार्यक्रमातही हालचाली व आधाराने चालवणे यांचा समावेश होता. त्यामुळे ही चाचणी पुनर्वसन निरुपयोगी असल्याचे दाखवत नाही; अशा कुत्र्यांसाठी साधा, नियमित कार्यक्रम पुरेसा असू शकतो, एवढेच तीतून सूचित होते. महागडी उपकरणे उपलब्ध नसलेल्या ठिकाणी हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा ठरतो.

कायदेशीर चौकट

ब्रिटनमध्ये १९६६ च्या कायद्यानुसार प्राण्यांचे निदान व उपचार हा पशुवैद्यकांचा अधिकार असून, त्यांच्या निर्देशानुसार भौतिकोपचार देण्याची मुभा इतरांना दिलेली आहे. भारतात भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकांपुरता मर्यादित आहे. त्यामुळे मानवी भौतिकोपचारतज्ज्ञ वा प्रशिक्षित साहाय्यक यांनी पशुवैद्यकाच्या निदानानंतर व देखरेखीखाली काम करणे अपेक्षित असते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० यात असह्य यातना भोगणाऱ्या प्राण्याला दयामरण देण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात प्राण्यांच्या संस्थात्मक उपचारांची परंपरा मोठी आहे. मुंबईतील परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ मध्ये, तर मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये स्थापन झाले. हे महाविद्यालय आज नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. पशुवैद्यकीय शिक्षणात हाडे, सांधे व मणक्याचे विकार प्रामुख्याने शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र या विषयात शिकवले जातात.

मोठ्या शहरांत पाण्याखालील ट्रेडमिल व लेसर असलेली खासगी केंद्रे उपलब्ध होऊ लागली आहेत. ग्रामीण भागात आणि भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्यांत मात्र बहुतेक काम हातांनी होणाऱ्या उपचारांवर व स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालते. पीव्हीसी पाइप व लहान चाके जोडून केलेल्या चाकगाड्या अशा ठिकाणी वापरल्या जातात. लुळ्या पडलेल्या भटक्या प्राण्याला बरे करून पुन्हा रस्त्यावर सोडता येईल की कायमचा निवारा द्यावा लागेल, हा प्रश्न तेथे उपचाराच्या प्रारंभीच विचारात घ्यावा लागतो. वाहनांपासून पळता न येणारा व मूत्रविसर्जनावर नियंत्रण नसलेला प्राणी रस्त्यावर फार काळ जगत नाही.

उपचार थांबवण्याचा निर्णय

प्रत्येक प्राण्याची हालचाल परत येत नाही. सुधारणा थांबल्यावर प्राण्याची भूक, झोप, वेदना, स्वच्छता, माणसांशी व इतर प्राण्यांशी असलेला व्यवहार आणि चांगल्या-वाईट दिवसांचे प्रमाण यांवरून त्याच्या जीवनाची गुणवत्ता पारखली जाते. चालता न येणारा परंतु वेदनामुक्त, खातापिता व उत्सुक प्राणी चाकगाडी व नियमित निगेच्या आधारे अनेक वर्षे समाधानाने जगू शकतो. याउलट, औषधांनी न शमणारी वेदना, वारंवार होणारे संसर्ग व खोल दाबव्रण असलेल्या प्राण्याच्या बाबतीत दयामरण हा पर्याय पशुवैद्यक सुचवू शकतो. पालकांचा वेळ, शारीरिक क्षमता व आर्थिक स्थिती यांचा विचारही या निर्णयात करावा लागतो, कारण लुळ्या प्राण्याची निगा हे रोजचे व दीर्घकाळ चालणारे काम असते.